पुरावा गावातच आहे
(मेळघाटातल्या गावबैठकीत मांडलेले विचार)



‘पुराव्याअभावी दावा नामंजूर’ हे शब्द आम्ही लय वाचले. म्हणून वनहक्काचा फॉर्म भरायच्या आधी माहिती कशी गोळा करायची, ते ठरवू. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वावर आपल्या ताब्यात होतं, हे दाखवायचं आहे. त्याला किमान दोन पुरावे लागतात.

पहिला, बुढ्या माणसाचा जबाब. तो स्वतः दावेदार नसावा. “कोणत्या सालापासून वाहता?” विचारलं तर बुढा गप्प बसतो. “हा धुरा टाकला तेव्हा पोरगा केवढा होता?” असं विचारू, साल निघतं. बोलला तसंच लिहू, वाचून दाखवू, मगच अंगठा घेऊ.

दुसरा, जमिनीवरची खूण. त्याच्यासंगं चालू, विहीर, धुरा, मसणवट नकाशावर टाकू.

मोहा, तेंदूपत्ता कुठून आणता, हे बायांना वेगळं बसवून विचारू. चारचौघांत त्या बोलत नाहीत, अन् सामूहिक दावा त्यांच्याच माहितीवर उभा राहतो.

उपग्रहाचा फोटो जोडीला चालतो. पण तो बाकी पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असं २०१२ च्या सुधारित नियमांत आहे.

सगळं ग्रामसभेत वाचू, एक प्रत गावात ठेवू. मगच कागद उपविभागीय समितीकडे जाईल.