सुधारून घेतलेली गिटार

माझ्या भाच्यानें गेल्या वर्षीं विजेवर वाजणारी एक स्वस्त गिटार विकत आणली, आणि चार महिन्यांच्या आंत ती कपाटावर चढली. "मामा, माझीं बोटेंच या वाद्याच्या लायक नाहींत," असें त्यानें मला सांगितलें. श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं असें एखादें वाद्य धूळ खात पडलें असेल, आणि त्याच्या मालकाचीहि समजूत अशीच असेल. त्या समजुतीची थोडी तपासणी करावी, एवढ्याचसाठीं मी आज ध्वनिक्षेपकासमोर बसलों आहें.

सतारीचा आवाज तिच्या भोपळ्यांत घुमून मोठा होतो. भोपळाच वाईट निघाला तर पुढें फारसा इलाज चालत नाहीं. विजेच्या गिटारचें तसें नाहीं. तिचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. पोलादी तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असून त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची तार कंप पावली कीं या वेढ्यांत त्याच कंपनसंख्येचा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो मोठा करून आपणांस ऐकवितो. लांकडाचा आवाजाशीं कांहींच संबंध नाहीं, असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. त्या प्रश्नावर जाणते लोकहि हमरीतुमरीवर येतात. परंतु हें वाद्य सुट्या भागांचें आहे, आणि वाईट भाग काढून त्या जागीं चांगला बसवितां येतो, याविषयीं दुमत नाहीं.

ही सोय आपोआप झालेली नव्हे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर नांवाच्या गृहस्थानें १९३८ सालीं रेडिओ दुरुस्तीचें दुकान काढलें होतें. १९५० सालीं त्यानें जी भरीव अंगाची गिटार बाजारांत आणली, आणि जिला पुढच्या वर्षीं टेलिकास्टर हें नांव मिळालें, तिची मान त्यानें सरसानें न चिकटवितां स्क्रूंनीं आवळली. मान बिघडली तर ती काढावी आणि दुसरी लावावी! हा विचार वादकाचा नव्हे, दुरुस्ती करणाराचा आहे. फेंडरला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. आपल्याकडे मिरजेस शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं एकोणिसाव्या शतकांत तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, त्याची येथें आठवण होते. फेंडरनें आपली कंपनी १९६५ सालीं विकली. त्या कंपनीनें १९८२ पासून स्क्वायर या नांवानें त्याच घडणीच्या स्वस्त गिटारी काढल्या, आणि इतर अनेकांच्या स्वस्त गिटारीहि त्याच घडणीच्या असतात. म्हणून त्यांचे सुटे भाग मिळावयास अडचण पडत नाहीं.

आतां भाच्याच्या गिटारकडे वळूं. महाग वाद्याच्या मानानें तिच्यांत फार उणें होतें तें लांकूड नव्हे, कारागिराचा वेळ. मानेच्या टोंकाशीं ज्या पट्टीच्या खांचांतून तारा जातात, त्या खांचा पुरेशा खोल घासलेल्या नव्हत्या. त्यामुळें पहिल्या पडद्यावर तार दाबावयास जोर लागे, आणि दाबतांना ती अधिक ताणली जाऊन स्वर चढे. म्हणजे मुलानें बरोबर जागीं बोट ठेवावें आणि वाद्यानें बेसूर बोलावें! त्याच खांचांत तार अडके. मग ती ओढून वाजविली कीं मूळ स्वरावर परत येत नसे. पडद्यांचीं टोंकें बोटांना बोंचत. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते, म्हणून तेथें वरच्या सप्तकांतला तोच स्वर मिळावयास पाहिजे. तोहि चढा मिळे, कारण घोडीवरील तारेचा आधार योग्य जागीं सरकविलेला नव्हता.

कांहीं बारीक कानशी, एक स्क्रू-ड्रायव्हर, नव्या तारांचा एक संच आणि एका जाणत्या कारागिराची एक दुपार, एवढ्यावर हे दोष गेले. मानेच्या पोटांत पोलादी सळई असते. ती आवळून त्यानें मानेचा बांक कमी केला, आधार मागें सरकविले, आणि खांचा केसाकेसानें उतरविल्या. तंबोऱ्याची जवारी काढणारा मनुष्य घोडी घासतां घासतां पुनःपुन्हां तार छेडून ऐकतो, तसाच हाहि ऐकत होता. खांच जरा जास्त खोल गेली तर तार पडद्यावर खरखरते, आणि मग पट्टीच नवी घालावी लागते.

पुष्कळ लोक याच्या उलट करतात. ते आधीं चुंबक बदलतात. स्वस्त गिटारींत बहुधा पोलादी खुंटांखालीं सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटविलेली असते; महागांत ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळलेल्या धातूचे चुंबकच खुंटांच्या जागीं असतात. फरक कानाला कळतो खरा. पण बेसूर वाद्याला गोड आवाज दिला तर त्याचें बेसूरपण अधिक स्पष्ट ऐकूं येतें, इतकेंच.

अमेरिकेंत एडी व्हॅन हेलन यानें पन्नास डॉलरला एक डागी अंग आणि ऐंशी डॉलरला एक मान घेतली, व एका गिब्सन गिटारमधील चुंबक-वेढा काढून त्यांत बसविला. मोठ्या आवाजांत तो किंचाळूं नये म्हणून त्यानें तो वितळलेल्या मेणांत बुडविला, कीं सैल वेढे जागच्या जागीं थिजावे. १९७८ सालच्या त्याच्या मंडळीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत हीच जोडजंतर गिटार वाजते.

हिशेबी मनुष्य म्हणेल, एवढा खर्च करावयाचा तर त्यापेक्षां आधींच चांगली गिटार कां घेऊं नये? खुंट्या, पट्टी, चुंबक अशी बेरीज केली तर ती कधीं कधीं मूळ किमतीच्या वर जाते, आणि गिटार विकावयास काढली तर ते पैसे परत येत नाहींत. हें सर्व खरें आहे. परंतु चांगली गिटार घेतली असती, तर स्वर कां चढतो हें माझ्या भाच्याला कळलें नसतें. कारागिराच्या शेजारीं बसून तें त्याला एका दुपारीं कळलें, आणि आपल्या बोटांवरचा आरोप त्यानें मागें घेतला.

आतां तो रोज संध्याकाळीं वाजवितो. खुंट्या त्यानें दिवाळींत बदलल्या. चुंबक बदलावयाची त्याला फार घाई झाली आहे, पण मीं त्याला उन्हाळा होईपर्यंत थांबावयास सांगितलें आहे. पुण्याच्या कोरड्या हवेंत मानेचें लांकूड आकसून पडद्यांचीं टोंकें पुन्हां बाहेर येतील, आणि त्या वेळीं कानस त्यानें स्वतः हातीं धरावयाची आहे.