गळाची पहिली काठी



चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे म्हटले कीं शहरवासी मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम वाघ उभा राहतो व मागोमाग कोळशाच्या खाणी येतात. नद्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. वस्तुतः वैनगंगा व वर्धा ह्यांचा संगम चपराळ्याजवळ होऊन पुढें त्या प्राणहिता हें नांव धारण करतात. भामरागडास इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम एकमेकींस भेटतात. आणि सिरोंच्यापाशीं प्राणहिता गोदावरीच्या स्वाधीन होते. अशा मुलखांत बदलीवर आलेल्या कुटुंबांतील चिरंजीवांनीं अथवा कन्येनें एके दिवशीं गळासाठीं हट्ट धरला, तर त्यांत नवल तें काय? वडील मग घरबसल्या एखादी चकचकीत काळी काठी मागवितात. पहिल्याच रविवारीं वैनगंगेची वाळू तिच्या रिळांत शिरते, तंगुसाचा गुंता होतो, आणि महिन्याभरांत ती काठी माळ्यावर जाऊन पडते. पैसे जातातच, पण मुलाचें मन उडतें, हें नुकसान मला अधिक मोठें वाटतें.

माझें स्पष्ट मत असें आहे कीं पहिली काठी बांबूची असावी, आणि ती बुरडाच्या दारीं जाऊन निवडून घ्यावी.

ह्यांत काटकसर आहे खरी, परंतु केवळ काटकसरीसाठीं मी हें सांगत नाहीं. आपल्या जंगलांत जो बांबू मुख्यत्वें वाढतो, तो मानवेल. त्याचें कांड पुष्कळदां भरीव असतें. म्हणून तो वांकतो, पण चटकन मोडत नाहीं. 19 व्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतील कारागीर बांबूच्या कामट्या तासून, सरसानें जोडून गळाच्या उंची काठ्या करीत. त्यांस लागणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरांतून जाई, म्हणून त्याचें नांवच ‘कलकत्ता केन’ पडलें; आणि तो ह्याच मानवेलाच्या जातीचा मानला जातो. पुढें 20 व्या शतकांत चीनमधल्या टोंकिन बांबूनें त्याची जागा घेतली. साहेबानें ज्या मालासाठीं सातासमुद्रांपलीकडून मागणी पाठविली, तो आपल्या बाजारांत टोपल्या-सुपांशेजारीं उभा असतो!

मात्र जंगलांत जाऊन स्वतः बांबू तोडूं नये. त्या बांबूस मालक आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास 2009 सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 सालीं त्यानें आपल्या जंगलांतील बांबू स्वतः विकण्यास आरंभ केला. एका काठीसाठीं गांवकऱ्यांच्या मालास हात लावणें आपणांस शोभत नाहीं.

निवडतांना हिरवागार, कोवळा बांबू टाळावा. तीन वर्षांचा, पिवळट पडलेला, टिचकी मारली असतां खणखणीत वाजणारा घ्यावा. मोठ्या माणसास दहा-बारा फूट, मुलास आठ फूट पुरे. पेरें जवळजवळ असावींत आणि शेंड्याकडे तो करंगळीहून बारीक व्हावा. बुंध्याशीं बारीक भोकें किंवा पिवळी भुकटी दिसली, तर आंत कीड आहे असें समजून तो परत ठेवावा. घरीं आणल्यावर शेंड्यास दोरी बांधून आढ्यास टांगावा व बुंध्यास एक वीट बांधावी. सावलींत महिना-दीड महिन्यांत तो वाळतो आणि सरळही होतो. उरलेला बांक निखाऱ्यावर धरून, हळूहळू दाबून काढतां येतो. शेवटीं जवसाचें तेल चोळावें. तें तर ह्या भागांत घरोघरीं ठाऊक आहे.

तंगूस केवळ शेंड्यास बांधण्याची चूक बहुतेक नवशिके करतात. शेंडा मोडला कीं मासा, गळ आणि तंगूस सर्वच नदीस अर्पण होतें. म्हणून तो मुठीजवळ पक्का बांधावा, काठीवरून दोन-तीन ठिकाणीं दोऱ्यानें आवळीत शेंड्यापर्यंत न्यावा, आणि पुढें काठीच्याच लांबीइतका मोकळा सोडावा. म्हणजे मासा थेट हातांत येतो. चार-पांच किलो भार सोसणारा तंगूस, बारीक गळ, शिशाचा मणी व तरंगण्यासाठीं धांड्याच्या गराचा तुकडा, एवढ्यावर भागतें. काठींत वांचलेले पैसे चांगल्या गळांवर खर्चावेत. बोथट गळापुढें कोणतीही काठी हतबल आहे.

ही काठी लांबवर पोंचत नाहीं, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु हिवाळ्यांत वैनगंगेचा प्रवाह आकसतो आणि मासे डोहाच्या कांठीं, खडकांच्या आडोशास येतात. तेथें वीस फुटांचा पल्ला पुष्कळ होतो. दूर फेंक करावयाची हौस पुढें जडलीच, तर सात फुटांची, दोन तुकड्यांची, काचतंतूची काठी रिळासह घ्यावी. आज ती हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळूं शकते. एकांत एक सरकणारी काठी वाळूनें अडकते. कार्बनच्या काठींतून वीज वाहते, ही गोष्ट विक्रेता सांगतोच असें नाहीं. विजेच्या तारांखालीं ती उंचावूं नये, आणि वळिवाचे ढग दिसतांच, काठी कोणतीही असो, नदी सोडावी. वरच्या अंगास गोसीखुर्दचे दरवाजे उघडले कीं पाणी चढतें, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

आतां काठी घेऊन जावें कोठें? ताडोबांत व अभयारण्यांच्या हद्दींत परवानगीवांचून गळ टाकतां येत नाहीं. जुने मालगुजारी तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. तेथें ढिवर कुटुंबांनीं बीज सोडलेलें असतें, ठेक्याची रक्कम भरलेली असते. आपण गंमत म्हणून काढलेला रोहू त्यांच्या मिळकतींतून वजा होतो. म्हणून आधीं विचारावें. नदीवरही तेथल्या ढिवरास विचारावें. कोणत्या डोहांत भोंवरा आहे आणि कोणत्या खडकाशीं वाम लपते, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पावसाळ्याच्या तोंडीं मात्र काठी आढ्यासच टांगलेली बरी. तेव्हां रोहू-कतला पुराच्या पाण्यांत अंडीं घालतात, आणि मरळ आपल्या पिलांच्या थव्याखालीं राखण करीत फिरते. अशी मरळ गळास लागली, तर मागें राहिलेल्या पिलांचा फडशा इतर मासे पाडतात. बांबू घरीं आणण्याचा काळ पावसानंतरचा, थंडी पडूं लागल्यावरचा. दिवाळीच्या सुमारास टांगलेली काठी संक्रांतीपर्यंत वापरण्याजोगी होते.