दुखणं अंगावर काढायचं नाही!

(हिंजवडी येथे घरकामगार आणि सफाई कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या वर्षभरात एकही दुखणं अंगावर काढलं नाही, अशी बाई इथं आहे का? हात वर करा. एकही हात नाही. माझाही नाही.

पोराला ताप आला की आपण धावतो. स्वतःची कंबर दुखते, पांढरं जातं, चक्कर येते, तेव्हा मात्र "पगार झाल्यावर बघू". कारण दवाखान्यात पाऊल टाकलं की पैसे, आणि कामावर खाडा झाला की पगार कापला जातो. इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती आपण पुसतो, तिथल्या साहेबांच्या घरची भांडी घासतो. आपल्या तपासणीची सोय मात्र कुणी केलेली नाही.

कंत्राटदाराकडे कामाला असणाऱ्या ज्या बहिणींच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, त्यांनी आपलं कार्ड मागून घ्यावं. तो हक्क आहे. घरकाम करणारीच्या हातात मात्र असं कार्ड नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातल्या मोठ्या उपचारांसाठी आहे. रोजच्या दुखण्याचं काय?

म्हणून वर्गणीचा दवाखाना. भिशी आपल्याला नवी नाही. समजा, ५०० जणींनी महिन्याला १०० रुपये दिले, तर ५०,००० रुपये जमतात. त्यातून खोलीचं भाडं, एका नर्सबाईचा पगार आणि आठवड्यातून काही संध्याकाळी डॉक्टरीणबाई, एवढं बसवायचं. तपासणीला वेगळे पैसे नाहीत. औषधं खरेदीच्या भावात. ऑपरेशन, बाळंतपण, मोठा अपघात यांत बसणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते.

आज बिल वाढतं ते सुई-सलाईनने. वर्गणीच्या दवाखान्यात पैसे आधीच आलेले असतात, त्यामुळे गरज नसलेली सुई टोचण्यात कुणाचाच फायदा नाही. उलट धोकाही आहे. पैसे मिळालेच आहेत, तर बाईला वाटेला लावू, असंही होऊ शकतं. म्हणून हिशेब आणि तक्रारीची वही आपल्या समितीच्या हातात हवी.

अमेरिकेत काही डॉक्टर विमा कंपन्यांना बाजूला ठेवून दरमहा वर्गणीवर उपचार करतात. पण तिथं वर्गणी परवडेल तोच सभासद. आपल्याला तसा दवाखाना नको. आपला धडा जवळच आहे, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाचे डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत योजना उभी केली. सुगीला घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यायची, आणि गावातली बहुतेक घरं आली तरच गावाला योजनेत घ्यायचं. त्या बदल्यात रुग्णालयात उपचारांची सोय. एकट्या-दुकट्याने नव्हे, गावाने मिळून आजाराचा भार उचलायचा, हा त्यातला विचार.

तेव्हा माझ्या मते चार गोष्टी आधी ठरवू. एक, नाव बाईचं नोंदवायचं, कुटुंबप्रमुखाचं नाही. नवऱ्याशी भांडण झालं, घर सुटलं, तरी तिचं कार्ड तिच्याकडेच राहील. दोन, तपासणीची खोली बंद दाराची हवी. कुणाच्या अंगावर वळ असतील, कुणाची पाळी चुकली असेल, ते बाहेर जाता कामा नये. सासूलाही नाही, मुकादमालाही नाही. तीन, काम सुटलं म्हणून वर्गणी थकली, तरी तीन महिने नाव कापायचं नाही. चार, दवाखाना संध्याकाळी उघडा हवा. सकाळी आपण सगळ्या दुसऱ्यांच्या घरी असतो.

कुणी विचारेल, मग सरकारने काय करायचं? सरकारची जबाबदारी सुटत नाही. लसीकरण, क्षयाची औषधं, बाळंतपण यांसाठी आपण सरकारी केंद्रातच जायचं, आणि तिथं डॉक्टर नसेल तर एकत्र जाऊन जाब विचारायचा. पाचशे जणींची यादी हातात असली, की तो जाबही मोठा होतो.

आज पैसे काढू नका. आधी आपापल्या वस्तीत, सोसायटीच्या गेटवर बोला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दहा नावं आणायची. त्यातलं पहिलं नाव स्वतःचं लिहा. आपण नेहमी ते शेवटी लिहितो.