कागद न वाचता सही नको, नकारही नको
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झालं. औषधपाण्यावर आम्ही काय बोलणार, असं कुणी म्हणेल. पण आमच्या हातून एक चूक झाली आहे, ती सांगायला उभे आहोत.

आपल्या वस्तीतल्या एका ताईंना टीबी झाला होता. (त्यांच्या परवानगीनेच सांगतो.) नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का, असं दवाखान्यात त्यांना विचारलं. त्या कागद घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही तो उघडलासुद्धा नाही. म्हणालो, "ताई, गरिबाला उंदीर करतात हे लोक. फाडून टाका." त्यांनी फाडला.

आमचा संशय उगाच नव्हता. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कगी म्हणून गाव आहे. तिथं १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर गरमीच्या रोगाचा अभ्यास सुरू केला. ३९९ जणांना रोग होता, पण "तुमचं रक्त बिघडलंय" एवढंच त्यांना सांगितलं. पुढे पेनिसिलीन आलं, तेही दिलं नाही. माणसं मरत गेली, नोंदी होत राहिल्या. १९७२ साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा ते थांबलं. हे वाचल्यावर कोण विश्वास ठेवील?

परंतु बंधूंनो, आम्ही अर्धंच वाचलं होतं. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच साली मद्रासला टीबीवर संशोधन सुरू झालं. तेव्हा टीबी म्हणजे सॅनिटोरियम, हवापालट, दूध-अंडी. गरिबाला खाट कुठली मिळायची? तिथल्या १९३ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी केली. काही सॅनिटोरियममध्ये, काही घरीच. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. घरचे रोगी दाटीवाटीत राहणारे, खाणं बेताचं, कामही करणारे. १९५९ साली निकाल आला. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. मग जगभर टीबीचा उपचार घरी होऊ लागला. ही चाचणी बंगल्यातल्या माणसांवरच झाली असती, तर दहा बाय बाराच्या खोलीतही औषध लागू पडतं हे कुणाला कळलं असतं?

शरीरंही सारखी नसतात. टीबीचंच आयसोनियाझिड कुणाच्या अंगात सावकाश विरतं, कुणाच्या झटपट. त्याच अमेरिकेने १९९३ साली कायदा केला, की सरकारी पैशाच्या अशा संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य घेतलेच पाहिजेत.

आपल्याकडे २०१९ चे नियम आहेत. चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर समजावून सांगावं लागतं. मधूनच बाहेर पडता येतं, त्यासाठी नेहमीचा उपचार कुणी बंद करू शकत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. तेव्हा विचारा : औषध कशाचं, धोका काय, भाग नाही घेतला तर काय मिळेल? पटलं नाही तर खुशाल नाही म्हणा.

त्या ताई नेहमीच्या गोळ्यांनी बऱ्या झाल्या, आज समोरच बसल्या आहेत. त्या कागदात काय लिहिलं होतं, ते मात्र त्यांनाही कळलं नाही आणि आम्हालाही.