दातातली तार का तुटते?



आपल्यापैकी अनेकांनी दाताचे ‘रूट कॅनाल’ करून घेतले असेल. त्या वेळी आपण काय सोसतो ते आपल्याला चांगले ठाऊक असते. दातात फिरणारे हत्यार काय सोसते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो आज करू. म्हणजे डॉक्टरांनी धडधाकट दिसणारी तार टाकून का द्यावी, याचाही उलगडा होईल.

दाताच्या मुळात अरुंद, बहुधा वाकडी नलिका असते. ती साफ करणाऱ्या निमुळत्या, धारदार तारेला फाईल म्हणतात. पोलादी फाईल हाताने चालवतात. वाकड्या नलिकेत ती सरळ होऊ पाहते. 1960 च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी निकेल व टायटॅनियम यांचा मिश्रधातू पुढे आणला. त्याला नायटिनॉल म्हणतात. वालिया, ब्रँटली व गर्स्टीन यांनी 1988 साली त्याच्या फाईलींचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या पोलादी फाईलींहून दोन-तीनपट लवचीक ठरल्या. पुढे यंत्रावर मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेणाऱ्या फाईली आल्या.

या तारेला दोन शत्रू आहेत. पहिला पीळ. सुताराच्या गिरमिटाचे टोक सागाच्या गाठीत अडकावे आणि मूठ मात्र फिरत राहावी, तसे येथे होते. टोक रुतते, यंत्र फिरते आणि तार पिळून तुटते. दुसरा शत्रू वाक. साधी तार हाताने पुढेमागे वाकवीत राहिलो की ती तुटते, हे लहान मुलालाही माहीत आहे. वाकड्या नलिकेत फिरणाऱ्या फाईलीची प्रत्येक बाजू दर फेऱ्याला एकदा ताणली व एकदा दाबली जाते. तीनशे फेऱ्यांच्या वेगाने हे सेकंदाला पाच वेळा घडते.

थोडा हिशेब करू. वळणाची त्रिज्या 5 मिलिमीटर आणि तारेची जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर तिचा बाहेरचा थर शेकडा पाच इतका ताणला जातो. जाडी निम्मी केली की हा ताणही निम्मा होतो. मग बारीकच तार घ्यावी की! पण पीळ सोसण्याची शक्ती जाडीच्या घनावर अवलंबून असते. जाडी निम्मी झाली की ती शक्ती एक अष्टमांश उरते. एका शत्रूपासून पळावे, तो दुसऱ्याच्या दारात!

पिळाला आवर घालता येतो. हल्लीची अनेक यंत्रे ठरावीक जोरापलीकडे थांबतात किंवा उलटी फिरतात. वाकाचे तसे नाही. 1842 साली व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत वोलर यांनी आसांवर प्रयोग करून दाखविले की, एका धक्क्याला दाद न देणारा धातूही पुनःपुन्हा बसणाऱ्या लहान ताणांनी थकतो. आपले नागपूर रेल्वेचे गाव. गाडीचा आस ध्वनिलहरींनी तपासता येतो, हे येथे अनेकांना ठाऊक आहे. दवाखान्यात फाईलीची तशी तपासणी होत नाही. डॉक्टर ती भिंगाखाली पाहतात आणि उलगडलेला पीळ दिसला तर ती टाकतात. परंतु थकलेली तार पुष्कळदा काहीही खूण न दाखविता तुटते. वाफेने जंतू मरतात, सोसलेले फेरे पुसले जात नाहीत.

म्हणून फाईलीचे आयुष्य दिवसांत मोजू नये. तिने किती वळणांत किती काम केले यावर मोजावे. अतिशय वाकड्या नलिकेत एकदा वापरलेली फाईल टाकून देणे ही उधळपट्टी नव्हे. आपण घरी झिजलेला दोरही विहिरीवर ठेवीत नाही.

एवढे करूनही तुकडा कधी आत राहतोच. तो काढता येतो, बाजूने वाट काढता येते किंवा तेथेच ठेवून क्ष-किरण चित्रांनी लक्ष ठेवता येते. दाताचे भवितव्य मुख्यतः नलिका किती स्वच्छ झाली होती यावर ठरते. मात्र ही गोष्ट रोग्याला त्याच दिवशी सांगितली पाहिजे आणि कागदावर नोंदली पाहिजे. डॉक्टरांनी न लपविता सांगावे, आपण न संतापता ऐकावे. तार मुकेपणाने तुटते. माणसांनी तरी मुके राहू नये.