भोपळ्याचा तंबोरा आणि विजेचा

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस मयूर विहार नावाची वसाहत आहे. तेथील आमच्या सोसायटीच्या जिन्यात पहाटे उभे राहावे, तर दोन-तीन बंद दारांआडून तंबोऱ्याचा झंकार कानी येतो. त्यांतला एकही तंबोरा भोपळ्याचा नव्हे. कुणाकडे वहीएवढे विजेचे यंत्र आहे, तर कुणी मोबाइललाच तंबोरा करून टाकले आहे.

माझ्याकडे मात्र मिरजेचा तंबोरा आहे. जूनमधल्या झळांत आणि जुलैतल्या दमट हवेत तो रोज काहीतरी खोडी काढतो. माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलीने मला एकदा विचारले, "काका, यंत्र इतके सुरात असताना तुम्ही या खुंट्या पिळत का बसता?"

प्रश्न रास्त होता. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेचा तंबोरा प्रचारात आणला, तेव्हापासून एकट्यादुकट्या गाणाऱ्याची केवढी सोय झाली! आकाशवाणीने १९४० साली संवादिनीला दार लावले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. तिचे ठरीव सूर आपल्या गायकीला मानवत नाहीत, हा आक्षेप होता. घरोघरची संवादिनी त्यामुळे थांबली नाही. तेव्हा यंत्राला हाकलून लावा, असे सांगण्यासाठी मी येथे आलेलो नाही.

परंतु तंबोऱ्याला तारा चारच : एक पंचमाची, दोन जोडाच्या आणि एक खर्जाची. घोडीच्या रुंद पाठीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवीत जवारी नेमकी साधली, की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार उमटतो. नव्या यंत्रांत खऱ्या तंबोऱ्याचाच आवाज मुद्रित केलेला असतो. तेव्हा तेथे गंधार नसतो, असे मी म्हणणार नाही. मात्र तो आयता मिळतो, आणि आयत्या सुराचा शोध कोण घेतो?

मग आम्ही दोघांना एकत्र बसविले. यंत्राचा षड्ज काळी पाचवर, म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ कंपनांवर ठेवला आणि जोडाची तार तिने त्याच्याशी जुळवावयाची. तार २३४ वर असली, तर सेकंदाला एक याप्रमाणे आवाजात लाट उठते. मणी हलवीत गेले, की लाट लांबत जाते आणि अखेर विरते. ती विरली, की यंत्र बंद करावयाचे आणि पुढचे सारे कानाने.

पहिले काही आठवडे कंटाळ्याचे गेले. एकदा तार तुटली, एकदा रडणेही झाले. गेल्या महिन्यात मात्र खर्जाची तार छेडता छेडता ती थांबली आणि म्हणाली, "काका, याला गंधाराची तार तर नाही ना?"

मी नाही म्हणालो. तिने पुन्हा तार छेडली.