शुल्काविना मुक्त प्रकाशन : खानदेशातील संशोधकांसाठी खुल्या वाटा

संशोधन करणे हे एक काम आणि ते वाचकांपर्यंत पोहोचविणे हे दुसरे. पहिल्यासाठी प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मार्गदर्शक लागतात. दुसऱ्यासाठी पदरचा पैसा लागतो, असा समज महाविद्यालयीन संशोधकांत आज आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि या अर्धसत्यापायी अनेक तरुण संशोधकांची पुंजी नाहक खर्ची पडते.

रावेर-यावल भागातील केळीवर पडणाऱ्या करपा रोगाचा अभ्यास जळगावच्या एखाद्या प्राध्यापकाने तीन वर्षे केला, असे समजावे. निबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला, तज्ज्ञांनी तो तपासला, स्वीकृतीचे पत्रही आले. त्या पत्रासोबत एक प्रश्न असतो : निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा काय? ‘होय’ म्हटल्यास दोन हजार डॉलर, म्हणजे दीड लाखाहून अधिक रुपये, भरावे लागतात. नामांकित नियतकालिकांत हा आकडा पाच हजार डॉलरांच्याही पुढे जातो. ‘नाही’ म्हटल्यास निबंध वर्गणीच्या कुलपाआड जातो आणि ज्याच्या बागेतील पाने तोडून अभ्यास झाला, त्या बागाइतदाराला किंवा तालुक्याच्या कृषी सहायकाला तो दिसत नाही. गरीब देशांतील लेखकांना प्रकाशक शुल्कमाफी देतात खरी. परंतु देशाची एकूण अर्थव्यवस्था मोठी असल्याने भारताचे नाव त्या यादीत बहुधा नसते. अर्थव्यवस्था मोठी म्हणून प्राध्यापकाचा खिसाही मोठा, हा हिशेब प्रकाशकांच्या सोयीचा आहे.

प्रकाशनाचा खर्च लेखकाने सोसावा, ही रीत खानदेशाच्या परंपरेतली नव्हे. अमळनेर येथे १९१६ साली प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथून १९२५ पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. घनश्यामदास रतनमल मलकानी यांच्या संपादनाखालील या त्रैमासिकाने तालुक्याच्या एका गावाचे नाव देशोदेशींच्या तत्त्वज्ञांपर्यंत नेले. धुळ्याची गोष्टही याच जातीची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांची कागदपत्रे जतन करण्याचे आणि ‘संशोधक’ या नियतकालिकाद्वारे इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्याचे कार्य या मंडळाने केले. दोन्ही ठिकाणी आधार होता तो संस्थेचा. लेखकाकडे पाहिले गेले ते त्याच्या विद्वत्तेसाठी.

लेखकाकडून काही न घेणारी आणि वाचकालाही विनामूल्य मिळणारी नियतकालिके आज जगभर आहेत. त्यांचा खर्च विद्यापीठे, विद्वत्सभा किंवा शासन सोसते. ब्राझीलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सायेलो’ ही योजना सुरू करून आपली शेकडो नियतकालिके सार्वजनिक खर्चाने खुली केली. भारतातही बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने आपली नियतकालिके स्वतःच्या संकेतस्थळावर वाचकांसाठी खुली ठेवली आहेत. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या बाबतीत अग्रेसर होते. लेखक व वाचक दोघांनाही शुल्क न लावता वैद्यकीय नियतकालिक चालू शकते, हे त्याने दाखवून दिले.

अशी नियतकालिके शोधण्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेली ‘डायरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स’ ही सूची महाजालावर उपलब्ध आहे. तीत वीस हजारांहून अधिक तपासलेली मुक्त नियतकालिके असून त्यांतील बहुसंख्य लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. विषयाचे नाव घालून ‘शुल्क नाही’ एवढीच खूण केली की निवडक यादी समोर येते. नियम बदलत असतात, म्हणून निबंध धाडण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे शुल्कविषयक पान एकदा पाहून घ्यावे.

दुसरी वाट अधिक सोपी आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक नियतकालिकांत निबंध छापण्यासाठी लेखकाला काही द्यावे लागत नाही. पैसे मागितले जातात ते केवळ खुलेपणासाठी. तेव्हा वर्गणीचा पर्याय निवडावा, निबंध छापून घ्यावा आणि त्याची स्वीकृत प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवावी. येथे तीन प्रतींतील भेद जाणून घेतला पाहिजे. लेखकाने प्रथम धाडलेली ती पहिली प्रत. तज्ज्ञांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त होऊन संपादकाने मान्य केलेली, परंतु प्रकाशकाच्या मांडणीत न बसविलेली, ती स्वीकृत प्रत. छापून आलेली ती तिसरी. तिसरी प्रत प्रकाशकाच्या परवानगीविना महाजालावर ठेवता येत नाही. दुसरी मात्र बहुतेक मोठे प्रकाशक ठेवू देतात, कोणी तत्काळ, कोणी बारा ते चोवीस महिन्यांनंतर. मजकूर तोच, निष्कर्ष तेच; केवळ पृष्ठांची सजावट नसते. कोणत्या नियतकालिकाचा नियम काय, हे ‘शेर्पा रोमिओ’ या नावाने सुरू झालेल्या सूचीत पाहता येते.

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये याच अर्थाचे धोरण जाहीर केले : या विभागांच्या निधीतून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत खुल्या भांडारात ठेवली जावी. अनुदान घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते धोरण वाचले असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. भौतिकशास्त्र व गणिताच्या अभ्यासकांसाठी तर १९९१ पासून ‘आर्काइव्ह’ हे भांडार आहे. तेथे निबंध छापून येण्यापूर्वीच ठेवण्याचा प्रघात असून त्यासाठी एक पैसाही पडत नाही. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात ठेवण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ सालीच केली. अहिराणीच्या एखाद्या बोलीभेदावरील प्रबंध त्यामुळे नंदुरबारच्या शिक्षकाला घरबसल्या वाचता येतो.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके वाचावयास मिळू लागली. ही सोय मोठी आहे. परंतु ती संस्थेच्या दारापर्यंतची आहे. करप्यावरचा निबंध बागाइतदारापर्यंत ती नेत नाही.

घाईमुळे होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, असा नियम २०२२ पर्यंत होता. त्या निकडीवर पोसलेली बनावट नियतकालिके अजून हयात आहेत. चार दिवसांत स्वीकृती, तज्ज्ञांचा एकही शेरा नाही आणि पैसे भरण्यासाठी खाते क्रमांक, हा त्यांचा शिरस्ता. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, यावरून रोगाचा पसारा कळतो. पुढे आलेली ‘केअर’ यादीही आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली असून नियतकालिकाची पारख करण्याचे काम आता संस्थांकडे व संशोधकांकडे आले आहे.

जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत ग्रंथपाल आहेत, संगणक आहेत, महाजालाची जोडणी आहे. अडचण येते ती निराळीच. निबंध छापून आल्यावर वर्षाने प्रत ठेवायची म्हटले की स्वीकृत प्रतच सापडत नाही. ती जुन्या संगणकात राहिलेली असते किंवा सहलेखकाच्या टपालात हरवलेली असते. यास्तव स्वीकृतीचे पत्र येईल त्याच दिवशी ती प्रत, नियतकालिकाचे नाव आणि विलंबाची मुदत लिहून, ग्रंथपालाच्या स्वाधीन करावी. मुदत संपताच ती खुली करणे हे ग्रंथपालाचे पाच मिनिटांचे काम आहे.